समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही

वकिलाने मला दिलेला पहिला सल्ला असा होता: "आजी, आजपासून समोरच्या पार्टीशी एक शब्दही बोलायचा नाही."

मी म्हटलं, "तिचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये फक्त एक गटार आहे. सकाळी मी दार उघडलं की पहिलं तोंड तिचंच दिसतं."

"मग दार लावून घ्या."

"दार लावलं तर धूर कुठून जाईल?"

वकील पेनाचं टोपण चावत बसला. त्याच्याकडे नोकरीच्या केसेस येत त्या बहुतेक कंपन्यांच्या. त्यांत मालक एका शहरात असतो, कामगार दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांना कागदावरच भेटतात. मालकीण आणि कामगार एकाच नळावर हंडे लावतात, अशी केस त्याने पाहिली नव्हती. मालकीण म्हणजे मी.

मी विचुंब्यात भाकऱ्यांचा धंदा करते. तांदळाच्या भाकऱ्या. आमचे घरधनी वारल्यावर घरापुढच्या पडवीत सुरू केला. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरवाल्यांच्या खानावळींना भाकऱ्या जातात, आणि लग्नसराईत हळदीच्या ऑर्डरी असतात. आमच्याकडे हळदीला अख्खा गाव जेवतो. नवरी कशी होती ते लोक विसरतात, भाकरी कशी होती ते विसरत नाहीत.

समोरची बाई उरणकडची, कोळ्यांची. तिचा नवरा बंदरात कामाला होता. इकडे खोली स्वस्त मिळाली म्हणून आले आणि तो वारल्यावर ती माझ्याकडे कामाला लागली. वयाने माझ्याहून बरीच लहान, मला काकी म्हणते. भाकरी तिला आधीच येत होती. मी तिला फक्त भरभर करायला शिकवलं. पुढे माझं उजवं मनगट गेलं. डॉक्टर म्हणाला, आता थापायचं बंद. तेव्हापासून धंद्याचे हात तिचे आणि तोंड माझं, अशी वाटणी झाली.

ही वाटणी चांगली चालली होती. आमची भांडणं व्हायची, ती कामाच्या जागी व्हायलाच पाहिजेत. दर आठवड्याला एकदा तरी मी तिला "उद्यापासून येऊ नकोस" असं म्हणायचे. माझी सासू मला रोज "जा तुझ्या आयशीकडं" म्हणायची, आणि मी कधी गेले नाही. सांगणारीला ते खरं वाटत नसे आणि ऐकणारीलाही नाही. दुसऱ्या दिवशी ती पहाटे यायची आणि "पानी तापलं काय?" असं विचारायची. मी "कवाच" म्हणायचे. संपलं.

त्या दिवशी मात्र खानावळवाला भाकऱ्यांची टोपली न्यायला उभा होता. वरच्याच भाकरीची कड चिरलेली. मी तिला विचारलं, "काय गो, हात कुठं गहान ठेवून आयलीस?"

ती म्हणाली, "हाताला काय नाय झालेलं. पिठाची विरी गेलीय. जुना पीठ खपवतेस तू, काकी."

पिठाची विरी जाणं म्हणजे पीठ शिळं होऊन त्याचा चिकटपणा जाणं. भाकरीवालीला गिऱ्हाइकासमोर असं म्हणणं म्हणजे सोनाराला त्याच्याच दुकानात पितळवाला म्हणणं. पीठ चांगलं होतं. हे मी तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते.

मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या पडवीत पाय ठेवू नको."

तिने पदराला हात पुसले आणि गटार ओलांडून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं आधण ठेवलं. पाणी उकळून निम्मं झालं, ती आली नाही.

त्याचं कारण तिचा जावई. तो एका कंटेनर यार्डात कारकून होता. तिथून त्याला काढलं, त्याने केस केली, तडजोड झाली, आणि त्या तडजोडीतून तो अर्धा वकील होऊन बाहेर पडला. अजून पूर्ण माणसात आलेला नाही. सासूने रडत भाकरीची गोष्ट सांगितली, तर हा विचारतो, "साक्षीदार कोण होतं?" खानावळवाला होता. "मग हे तोंडी टर्मिनेशन आहे, आई. तुम्ही कामावर पाऊल टाकू नका."

काही दिवसांनी पोस्टमन नोटीस घेऊन आला. ती समोर दारात तांदूळ पाखडत बसली होती. सूप रिकामं होतं हे मला इथून दिसत होतं. नोटीस इंग्रजीत होती. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठीत. पण ती बघत होती म्हणून मी कागद सरळ धरून, मध्येमध्ये मान हलवत, शेवटच्या सहीपर्यंत वाचला. तिचं समाधान झालं आणि ती आत गेली.

खानावळवाल्यानेच मला वकिलाकडे नेलं. तो साक्षीदार होता, त्यामुळे त्याला दोन्हीकडे भाव होता. वकिलाचं ऑफिस पनवेलला कोर्टाजवळ, औषधांच्या दुकानाच्या वर. मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं, "मला केस नको, पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. ती कामावर यायला पाहिजे. तुळशीचं लग्न झालं की हळदीच्या ऑर्डरी आहेत. मी घेऊन बसले आहे. ती आली नाही तर पडवी बंद करावी लागेल."

त्याने घाईने दरवाजा लावला. "आजी, हे बोललात ते बोललात. आता कुणाजवळ बोलू नका. तुम्हाला ती हवी आहे हे तिकडे कळलं तर आपली पोझिशन गेली."

"मग काय हवं म्हणून सांगू?"

"सेटलमेंट. ती राजीनामा देईल, आपण काहीतरी रक्कम देऊ, दोघी आपापल्या घरी."

"घरी तर आहोतच."

"केस मजबूत असेल तर सेटल करा, कारण वरचढ असताना करावं. कमजोर असेल तर लवकर करा. आणि मधली असेल तर कराच. मधल्या केसचं काही खरं नसतं."

"मग लढायची कुठली?"

"लढायची समोरच्याने." मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "कोर्टात न्याय मिळतो हो आजी. पण निकाल लागेल तेव्हा तुम्ही असाल का?"

"मी असेन. तुम्ही तुमचं बघा. चहा किती घेता दिवसातून?"

त्याने कप बाजूला सरकवला. निघताना त्याने पुन्हा बजावलं: रागवायचं नाही, रडायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. "आणि यापुढे तोंडी काही म्हणजे काही नाही. तोंडी बोलूनच तुम्ही इथे आलात. कामाचं जे असेल ते लेखी."

मी शब्द पाळला. मी तिच्याशी बोलले नाही. मी माझ्या तांबड्या कोंबडीशी बोलायला लागले.

सुरुवात समोरच्या बाईनेच केली. तिची वकील एक तरुण मुलगी होती, ती तिला फोनवर समजावायची. आणि मग ही बाई दारात उभी राहून स्वतःच्या लेकीला फोन लावायची, आवाज उरणच्या बाजारात पापलेट विकताना असतो तसा. "आयकतेस काय गो? वकीलीन बाय बोलली, मावशी, त्या कामावर परत बोलावतील. जाव नको. गेलीस त केस संपली. आधी रक्कम, मंग बाकीचा."

मी पायरीवर बसून कोंबडीला कणी टाकत होते. मी तिला म्हटलं, "खा गो, आनि आयक. आमचा वकील बोलतो, पैला आकडा बारका सांगावाचा. समोरचा रुसला त रुसला. मंग जरासा वर जावाचा."

समोरून फोनवर: "बारका आकडा आयला त उठून बाहेर जावाचा, आसा बोललीय."

मी कोंबडीला: "बाहेर गेला त जाव दे. ऊन लागला की आत येईल."

लेकी बोले सुने लागे, ही म्हण वकिलीच्या कॉलेजात शिकवत नसावेत. दोन्ही वकिलांची गुपितं रोज गटार ओलांडून इकडून तिकडे जात होती, आणि माझा वकील फोन करून विचारायचा, "बोललात का तिच्याशी?" मी खरं ते सांगायचे. एक शब्द नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कोंबडीलाही काही सांगितलं नाही. नवीन ठेवलेल्या बाया टिकत नव्हत्या. एक आली ती लाटणं घेऊन आली. प्लॅस्टिकच्या कागदावर पीठ लाटून भाकरी करणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. खानावळवाल्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काकी, ड्रायव्हर लोक विचारतात, पापड वेगळे लावलेत काय?" मी त्याला हाकलून दिला. दुसरी बाई भाकरी बरी करायची, पण एका भाकरीला एवढा वेळ लावायची की तेवढ्यात ट्रेलर बंदरात जाऊन परत आला असता.

मला समोरची परत हवी होती. पण तिने आपणहून यायला हवं होतं. मी तिला काढलंच नव्हतं, तर बोलवायला कशाला जाऊ? आणि तीही तशीच. एकदा लेकीला सांगत होती, "बसून बसून हाताना मुंग्या आयल्यात गो." मी कोंबडीला म्हटलं, "येव देत." पण ते मी जरा हळूच म्हटलं.

तुळशीचं लग्न जवळ आलं, आणि समेटाची बैठक लागली. कोर्टात जायच्या आधी सरकारी कामगार अधिकारी दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवून मिटतंय का बघतो, ती ही बैठक. पनवेलला जायचं होतं. मी भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि नाक्यावर गेले. शेअर रिक्षा एकच उभी होती आणि तिच्यात ही आधीच बसलेली. जावई परस्पर मोटारसायकलने जाणार होता. दुसरी रिक्षा कधी येईल याचा भरवसा नव्हता. मी चढले. मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले.

रिक्षावाला गावातलाच. म्हणाला, "दोगी एकाच ठिकानी ना?"

"मी कामगार ऑफिसात चाललंय," मी म्हटलं. "बाकीच्यांचा मना म्हाईत नाय."

ती बाहेर बघत म्हणाली, "मी पन तिथंच. माज्यावर जुलूम झालाय, त्याच्यासाटी."

"जुलूम!" मी रिक्षावाल्याला म्हटलं. "दोन टायमाला चहा, दुपारचा जेवान, शिमग्याला साडी. आसा जुलूम तुज्या आयशीवर झाला आसता, त तू आज रिक्षा चालवत नसतास, मागं बसला आसतास."

"तिला सांग, साडीचा रंग कसला होता ते पन सांग म्हनाव," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "पोतेरा करावाला घेतला त पानी पीत नाय."

"काकी, मावशी," रिक्षावाला म्हणाला, "मना केसमदी घेव नका. मना घरी पोरं हायेत."

पुलावरच्या खड्ड्यात रिक्षा अशी आदळली की मधली जागा उरलीच नाही. पडू नये म्हणून तिने माझा हात धरला, तो नेमका उजवा. मी ओरडले. तिने हात सोडला. थोड्या वेळाने ती रिक्षावाल्याला म्हणाली, "विचार तिला, मनगट कसा हाय?"

"सांग, हाय तिथंच हाय."

"एरंडेल लाव म्हनाव, गरम करून."

"सांग, वकिलाला विचारून लावीन."

आम्ही दोघी एकाच रिक्षातून उतरलो ते दोन्ही वकिलांनी जिन्यावरून पाहिलं. माझ्या वकिलाने कपाळावर हात मारला. "आजी! काय बोललात तुम्ही रस्त्यात?"

"रिक्षावाल्याशी बोलले."

तिकडे तिची वकील तिला हेच विचारत होती आणि तीही हेच सांगत होती. जावई म्हणाला, "तो रिक्षावाला साक्षीदार होऊ शकतो." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अधिकारी साहेब चष्मा कपाळावर चढवून फायलींच्या ढिगामागे बसले होते. भांडणं ऐकून ऐकून त्यांचा चेहरा धुतलेल्या पायपुसण्यासारखा झाला होता. रकमेचं दोन्ही वकिलांनी बाहेरच ठरवून टाकलं होतं. एवढे दिवस कोंबडीमार्फत जे चाललं होतं ते त्यांनी जिन्यात पान खाऊन होईपर्यंत उरकलं. आता फक्त सह्या राहिल्या होत्या. माझ्या वकिलाने मराठीत तयार केलेला करार वाचायला घेतला.

पहिलं कलम, तिने स्वखुशीने राजीनामा दिला. ते ऐकून ती खाली बघायला लागली. मीही दुसरीकडे बघितलं, भिंतीवर कॅलेंडर होतं. दुसरं कलम, यापुढे कुणाचं कुणाकडे काही मागणं नाही. तिसरं कलम वाचताना वकिलाने आवाज जरा भरभर केला: दोन्ही पक्ष यापुढे एकमेकांविषयी, एकमेकांच्या कामाविषयी अथवा मालाविषयी, कोणाही तिसऱ्या व्यक्तीजवळ वाईट बोलणार नाहीत.

"थांब," ती म्हणाली. "हा काय हाय?"

तिची वकील म्हणाली, "मावशी, हे सगळ्याच सेटलमेंटमध्ये असतं. म्हणजे नंतर कुणी कुणाची बदनामी करायची नाही."

"म्हंजे काकीची भाकरी करपली, तरी करपली म्हनावाची नाय?"

"नाही म्हणायची."

"अख्ख्या आळीला वास येईल तरी?"

"तरी."

मी माझ्या वकिलाला विचारलं, "आणि ही मासे धुतलेलं पाणी माझ्या पायरीवर ओतते, ते नळावर सांगायचं नाही?"

"नाही आजी. तिऱ्हाइताला नाही सांगायचं."

"तिलाच सांगितलं तर चालेल?"

"सौम्य शब्दांत."

"सौम्य शब्दांत तिला ऐकू येत नाही."

"बगितलात!" ती साहेबांना म्हणाली. "पन खरा हाय. आमी वाईट बोलावाचा नाय त मंग बोलावाचा काय? नळावर उभा राहून काय भजन म्हनावाचा?"

"मी सही नाय करायची," मी म्हटलं.

"मी पन नाय."

एवढ्या दिवसांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं. माझा वकील म्हणाला, हे कलम फक्त कागदावर असतं, कुणी पाळत नाही. मी म्हटलं, पाळायचं नाही त्याच्यावर सही कशाला करायची? तुमच्याकडे हे चालत असेल. तिची वकील म्हणाली, कलम काढलं तर उद्या तुम्ही यांच्या भाकऱ्यांवर काहीही बोलाल आणि त्या नवीन केस करतील. जावई म्हणाला, "बदनामीची वेगळी होते." साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की आता जेवणाची सुट्टी, जेवून या आणि शांत डोक्याने बोला.

बाहेर बाकडं एकच होतं. वकील खाली नाश्त्याला गेले, जावई त्यांच्या मागे. मी फडकं सोडलं. तिने तिचा डबा उघडला. जवळ्याची चटणी होती, लसूण ठेचून केलेली, वास तिसऱ्या टेबलापर्यंत जाणारी. तिच्याकडे भात होता. माझ्याकडे भाकरी होती आणि बरोबर नुसता कांदा.

तिने माझ्या भाकरीकडे पाहिलं. मग हात लांब करून एक उचलली, उजेडात धरली आणि कडेला दाबली. कड मोडून खाली पडली.

"कोनी केली?"

"तू नाय केलीस ना? मंग कोनी का करंना."

"हिला भाकरी नाय बोलत, काकी. हिला कौल बोलतात. दोन पावसाळे घरावर टिकंल." तिने तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. आणखी एक तुकडा मोडला. डबा तिने बाकड्याच्या मधोमध सरकवला. मी चटणी घेतली. तिखट बरोबर होतं, मीठ जरा जास्त होतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांग, सही केल्यावर सांगावाला मिलनार नाय."

वकील जिना चढून आले तेव्हा आम्ही एकाच डब्यात हात घालून बसलो होतो. माझ्या वकिलाने मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"आजी, तुम्ही मला या वयात वेडा करणार. असो. माझ्याकडे शेवटचा एक डाव आहे. आत गेल्यावर साहेबांसमोर सांगा, मी हिला उद्यापासून कामावर घ्यायला तयार आहे."

मी दंड सोडवून घेतला. "पण तुम्हीच म्हणाला होता की हे तोंडातून काढायचं नाही."

"अहो, खरोखर घ्यायचं नाहीये! तिच्या वकिलाने तिला सांगून ठेवलेलं असणार, की बोलावलं तरी जायचं नाही. अशा केसेसमध्ये नेहमी तसंच सांगतात."

"सांगितलंय," मी म्हटलं. मला कोंबडीच्या पायरीवरून माहीत होतं.

"मग ती नाही म्हणणार. साहेब लिहून घेतील की मालकीण कामावर घ्यायला तयार होती आणि कामगार आली नाही. तिची केस तिथेच बसली. मग रक्कम आपण म्हणू ती."

"आणि आली तर?"

"येत नाहीत आजी. माझ्या एवढ्या वर्षांच्या वकिलीत एकही आलेला नाही."

आम्ही आत गेलो. वकिलाने मला कोपराने ढोसलं. मी उभी राहिले. काय बोलायचं ते त्याने नीट पढवलं होतं, 'मी सदर महिलेस पूर्ववत कामावर घेण्यास तयार आहे'. पण तिच्याकडे बघितल्यावर ते वाक्य काही तोंडात बसेना.

मी म्हटलं, "उद्या पहाटे आधण ठेवते. उशिरा आयलीस त तंगडी मोडून हातात देईन."

"सर, धमकी!" तिची वकील उठून उभी राहिली. "हे नोंदवून घ्या."

"आजी!" माझा वकील म्हणाला.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ही धमकी आहे की कामावर बोलावणं आहे?"

"दोनी हाय," समोरची म्हणाली. "ती आशीच बोलावते."

तिच्या वकिलीणबाईने तिच्या पदराला धरून खाली ओढलं. "मावशी, आपलं काय ठरलं होतं? नाही म्हणायचं. नाही म्हणा." जावईही मागून "नाही म्हणा, आई, नाही म्हणा" असं पुटपुटत होता. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. माझ्या मनगटात ठसठस चालली होती. खड्ड्यामुळे असेल.

ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "पीठ कुठला हाय?"

"नवीन तांदलाचा. परवा दलून आणलाय."

"मंग येईन."

पीठ आधीचंही चांगलंच होतं. पण तिथे मी ते बोलले नाही. वकिलाने मला गप्प राहायला शिकवलं त्याचा तेवढा एकच उपयोग झाला.

माझा वकील खुर्चीत बसला तो बसलाच. तिची वकील त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे. मला वाटतं, त्या दिवशी खरी तडजोड त्या दोघांचीच झाली, कारण नंतर खाली ते एकत्र चहा पिताना दिसले. साहेबांनी जुना करार फाडला आणि नवीन लिहायला घेतला. नोकरी जुनीच धरायची, पगारी सुट्टी द्यायची, जेवण आणि चहा पूर्वीप्रमाणे. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "ते वाईट न बोलण्याचं कलम घालायचं का?"

"नको," आम्ही म्हटलं.

जावयाला तडजोड पसंत नव्हती. तो म्हणाला की यातून काहीच निघालं नाही. त्याला कुणीतरी मोटारसायकलची किल्ली दिली.

परत जाताना रिक्षा तीच होती. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "काय झाला?" मी म्हटलं, "तुला काय करावाचाय? पुढं बग, खड्डा हाय." ती म्हणाली, "विचारू दे त्याला, त्याला मी साक्षीदार करनार होते." यावेळी मधली जागा कुणी सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आधण उकळायच्या आधीच ती गटार ओलांडून आली. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "पानी तापलं काय?"

"कवाच," मी म्हटलं. तापलं नव्हतं.

तिने उकड काढली, मळली आणि थापायला बसली. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली. मी ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली, खानावळवाल्याला दाखवायला. तो आला, बघितली, हात लावून बघितली, आणि म्हणाला, "आज पापड नाय काय?" मी त्याला पुन्हा हाकलला, टोपली भरेपर्यंत बाहेर थांब म्हणून.

उजाडता उजाडता तिने तवा बदलायला सांगितलं. मी म्हटलं, तवा चांगला आहे. ती म्हणाली, तव्याला मध्ये खड्डा पडलाय, विचुंब्याच्या पुलासारखा, मालकीण कंजूस आहे म्हणून बदलत नाही. हे ती टोपली उचलणाऱ्या खानावळवाल्याला सांगत होती, माझ्यासमोर, माझ्या पडवीत बसून.

माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्यापासून येव नको."

खानावळवाला टोपली धरून तसाच उभा राहिला. तिने हातातली भाकरी शांतपणे तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेखी दे."